नांगर, दोर आणि बदलती पातळी : कॅरिबियन उपसागरांपासून कृष्णाकाठापर्यंत नौका स्थिर राखण्याचे शास्त्र

प्रस्तावना

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे सह्याद्रीच्या पूर्वेस आहेत. समुद्राशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध नाही. त्यामुळे नौका नांगरण्याच्या विषयावरील लेख येथील महाविद्यालयीन नियतकालिकात पाहून वाचकास क्षणभर आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. तथापि कोयनेच्या शिवसागर जलाशयावर तापोळा, बामणोली या गावांचे दळणवळण आणि वासोट्याकडे जाणाऱ्यांची वाहतूक आजही लाँचवर अवलंबून आहे. कृष्णाकाठी सांगली-सांगलीवाडी परिसरात होड्यांच्या शर्यतींची परंपरा आहे. आणि २००५, २०१९ व २०२१ या तीन महापुरांनी पलूस, वाळवा, मिरज या तालुक्यांतील गावांना नाव ही पुन्हा एकदा जीवनावश्यक वस्तू असल्याचे शिकविले आहे. नाव चालविण्याविषयी आपल्याकडे थोडेफार बोलले जाते. ती उभी कशी ठेवावी याविषयी मात्र जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही. वास्तविक, नाव आपल्या आयुष्यातील बहुतांश काळ उभीच असते.

जगभरातील शिडाच्या सफरी नौकांच्या व्यवहारात नांगरणे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय मानला जातो, आणि त्याची सर्वाधिक चर्चा कॅरिबियन समुद्रातील उपसागरांच्या संदर्भात होते. प्रस्तुत लेखात त्या अनुभवातून निघालेली मूलतत्त्वे प्रथम मांडून ती कोकणची खाडी, कोयनेचा जलाशय आणि पुरातील कृष्णा या तीन ठिकाणी कितपत लागू पडतात, हे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

नांगर धरतो म्हणजे काय?

नांगर आपल्या वजनाने नौकेला धरून ठेवतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो बऱ्याच अंशी चुकीचा आहे. बारा मीटर लांबीची, अनेक टन वजनाची सफरी नौका वीस-पंचवीस किलोच्या नांगरावर रात्रभर निर्धास्त उभी राहते. ती वजनामुळे नव्हे, तर नांगराचा फाळ तळाच्या वाळूत वा चिखलात रुतल्यामुळे. फाळ रुतून राहण्यासाठी त्याला होणारी ओढ जमिनीला शक्य तितकी समांतर असावी लागते. ओढ वरच्या दिशेने झाली की फाळ उपटला जातो. शेतकरी नांगराचे रुमणे दाबतो तेव्हा फाळ खोल जातो, आणि उचलतो तेव्हा बाहेर येतो. तत्त्व एकच आहे.

हे साम्य केवळ उपमेपुरते नाही. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री इन्ग्रॅम टेलर यांनी १९३३ मध्ये ज्या नांगराचे एकस्व घेतले, तो आकाराने शेतीच्या नांगरासारखाच होता आणि इंग्रजीतही तो त्याच नावाने ओळखला गेला. द्रवगतिकीतील मूलभूत कार्यासाठी विख्यात असलेला हा केंब्रिजचा विद्वान स्वतः शिडाच्या नौकेतून भटकत असे, आणि सामान्य नांगर वजनाच्या मानाने किती कमी धरतो याचा त्याला अनुभव होता. मराठीने तर दोन्ही वस्तूंना एकच शब्द दिला आहे. शेतीचा नांगर संस्कृत ‘लाङ्गल’पासून आला, तर जहाजाच्या नांगराचे नाते फारसी ‘लंगर’शी सांगितले जाते. दोन शब्द एकाच रूपात येऊन मिळाले आणि टेलरसाहेबांच्या शोधाची जणू आगाऊ नोंद झाली!

ओढ समांतर ठेवण्याचा उपाय म्हणजे दोर किंवा साखळी लांब सोडणे. पाण्याची खोली आणि पाण्याच्या पृष्ठभागापासून नौकेच्या पुढील टोकाची उंची यांची बेरीज करून तिच्या किती पट साखळी सोडली, यावरून हे प्रमाण मोजतात. साखळी असल्यास पाच पट आणि दोर असल्यास सात पट हा सर्वत्र मान्य असलेला ढोबळ नियम आहे. खोली ४ मीटर आणि टोकाची उंची १ मीटर असेल, तर बेरीज ५ मीटर. पाच पट प्रमाणाने २५ मीटर साखळी सोडावी लागेल. ती पूर्णपणे ताणली गेली तरी तळाशी होणारा कोन सुमारे साडेअकरा अंश राहतो. सात पट प्रमाणास तो सव्वाआठ अंशांच्या आसपास येतो. तिप्पट प्रमाणास साडेएकोणीस अंशांपर्यंत जातो, आणि तेथे नांगराची पकड वेगाने घटू लागते.

साखळीचा आणखी एक गुण आहे. ती जड असल्याने मंद वाऱ्यात झोळीसारखी खाली लोंबते आणि तिचा तळाकडील भाग जमिनीवर पडून राहतो. त्यामुळे नांगरापाशी ओढ समांतर राहते आणि नौकेला बसणारे हिसकेही ती शोषून घेते. परंतु वारा वाढला की ही झोळी सरळ होते. मग आधार उरतो तो केवळ सोडलेल्या लांबीचा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे येथे विसरून चालत नाही. नौकेचे वाऱ्याला सामोरे जाणारे क्षेत्रफळ १० चौरस मीटर आणि आकारगुणांक १ धरला, तर सेकंदाला १५ मीटर वेगाच्या वाऱ्यात सुमारे १३५० न्यूटन, म्हणजे जवळजवळ १४० किलो वजनाइतका ताण येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की तोच ताण ५४०० न्यूटन, म्हणजे साडेपाचशे किलोंच्या घरात जातो. पदवी वर्गातील भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे गणित फळ्यावर सोडविता येते. फक्त क्रमिक पुस्तकात त्याला नौकेचे उदाहरण दिलेले नसते.

कॅरिबियन उपसागरांतील रीत

कॅरिबियन बेटांची रचना नांगरणाऱ्यास अनुकूल आहे. ईशान्य ते पूर्व दिशेकडून वाहणारे व्यापारी वारे वर्षातील मोठा काळ दिशा बदलत नाहीत. हिवाळ्यात ते अनेकदा ताशी पंधरा ते वीस सागरी मैलांनी वाहतात, आणि नाताळाच्या सुमारास त्याहूनही जोर धरतात. बेटाच्या पश्चिमेकडील उपसागरात शिरले की लाट थांबते, मात्र डोंगरावरून उतरणारे झोत येत राहतात. बहुतेक बेटांपाशी भरती-ओहोटीतील फरक अर्ध्या मीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणजेच एकदा मोजलेली खोली सकाळपर्यंत जवळपास तशीच राहते. या शेवटच्या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

रीत अशी. प्रथम तळ पाहावयाचा. पाणी इतके स्वच्छ असते की फिकट निळसर पांढरा भाग म्हणजे वाळू, गडद हिरवा वा काळसर भाग म्हणजे सागरी गवत, आणि तपकिरी ठिपके म्हणजे प्रवाळ, हे दुपारच्या उन्हात डोळ्यांनीच कळते. नांगर वाळूत टाकावयाचा. गवतात फाळ मुळांवरून घसरत जातो, आणि प्रवाळावर तो टाकणे म्हणजे शतकानुशतके वाढलेला सजीव मोडणे होय. नंतर नौका वाऱ्याच्या तोंडी आणून थांबवावयाची, नांगर हळूहळू तळाला टेकवावयाचा, आणि वाऱ्याने ती मागे सरकत असताना साखळी सोडीत जावयाची. एका जागी साखळीचा ढीग ओतला की ती नांगराच्या दांड्यात अडकते. पुरेशी लांबी गेली की यंत्र उलटे चालवून नांगर रुतवितात आणि काठावरील दोन खुणा, उदाहरणार्थ एक झाड व त्यामागील घराचा कोपरा, एका रेषेत येतात का हे पाहून ठेवतात. त्या खुणा एकमेकींपासून सरकू लागल्या तर नांगर घसरतो आहे. हे खुणेचे तंत्र कोकणातील मच्छीमारही पिढ्यानपिढ्या वापरीत आले आहेत. मासळीची जागा पुन्हा शोधण्यासाठी ते डोंगर, देऊळ आणि माड यांची रेषा जुळवितात.

नांगरलेली नौका वाऱ्याबरोबर नांगराभोवती वर्तुळात फिरते. पंचवीस मीटर साखळीवरील बारा मीटरची नौका सुमारे पस्तीस मीटर त्रिज्येचे पाणी व्यापते. ब्रिटिश व्हर्जिन बेटांसारख्या ठिकाणी, जेथे एका लहानशा उपसागरात अनेक नौका येतात, तेथे हे परवडत नाही, शिवाय प्रवाळाचेही रक्षण करावयाचे असते. म्हणून तळाशी कायमचा बांधलेला गाळा किंवा जमिनीत पिळून बसविलेला लोखंडी मळसूत्री खांब, त्याला साखळी व दोर, आणि वर तरंगणारा बोया अशी व्यवस्था केलेली असते. येणारी नौका बोयाच्या दोरातून आपला दोर ओवून थांबते. सोय मोठी आहे. मात्र त्या बोयाखाली नेमके काय आहे आणि त्याची शेवटची तपासणी कधी झाली, हे वरून दिसत नाही. म्हणून जाणते नाविक पाण्यात उतरून साखळी हाताने चाचपून पाहतात. काँक्रीटच्या ठोकळ्याविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. हजार किलोचा ठोकळा पाण्यात हजार किलोंनी धरीत नाही. काँक्रीटची घनता पाण्याच्या सुमारे २.४ पट असल्याने त्याचे पाण्यातील वजन ५८० किलोंच्या आसपास भरते. आपल्याकडील काळ्या दगडाची घनता २.९ धरली, तर शंभर किलोचा धोंडा पाण्यात साधारण पासष्ट किलोंचा होतो.

जून ते नोव्हेंबर हा तेथील वादळांचा हंगाम. त्या काळात नौका खारफुटीने वेढलेल्या आतल्या खाड्यांत नेऊन अनेक दोरांनी झाडांना बांधतात. हा जुना आणि चांगला उपाय आहे, परंतु त्यालाही मर्यादा आहेत. सप्टेंबर २०१७ मधील ‘अर्मा’ वादळात व्हर्जिन बेटांतील आणि जुलै २०२४ मधील ‘बेरिल’ वादळात कारियाकू बेटावरील अशा आश्रयस्थानांतही शेकडो नौकांची हानी झाली. एक नौका सुटते आणि दुसरीवर आदळते. मग दुसरीचे दोर कितीही भक्कम असले तरी उपयोग होत नाही.

कोकण : घेरियाची आग आणि भरतीचे गणित

शेजारी सुटला की आपणही जातो, हे सत्य मराठ्यांच्या आरमाराने फार मोठी किंमत देऊन अनुभवले. कान्होजी आंग्रे सातारच्या शाहू छत्रपतींच्या पक्षाला मिळाले होते. त्यांचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचे आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या, म्हणजेच तत्कालीन घेरियाच्या बंदरात होते. किल्ल्याखाली ही गुराबे एकमेकांना बांधून ठेवलेली होती. वॉटसनच्या ताफ्यातून आलेला एक तोफगोळा तुळाजींनी पूर्वी कंपनीकडून जिंकलेल्या जहाजावर पडला, ते पेटले, आणि आग बांधलेल्या रांगेतून पसरत जाऊन जवळजवळ सारे आरमार भस्मसात झाले. या मोहिमेत पेशव्यांनी इंग्रजांना साथ दिली होती, आणि त्या राजकारणाचे मूल्यमापन इतिहासकारांनी केलेलेच आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने एवढे नोंदवावेसे वाटते की नौका परस्परांना बांधणे ही किनाऱ्यावरून होणाऱ्या चढाईविरुद्ध सोयीची असलेली रचना आगीपुढे सर्वांत घातक ठरली. दोर तोडून मोकळे होण्यास त्यांना अवकाशच उरला नाही.

त्याच्या चार दशके आधी, १७१५-१६ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या पावसाळी छावणीविषयी स्वतंत्र विवेचन आले आहे. पाऊस सुरू होण्यापूर्वीच आरमार आत घ्यावे, लाटांच्या माऱ्यातील उघड्या ठिकाणी न ठेवता सुरक्षित बंदरात ठेवावे, आणि दरवर्षी एकाच बंदरी छावणी करू नये, असा त्याचा आशय आहे. शेवटच्या सूचनेमागे प्रजेला होणाऱ्या उपद्रवाचा विचार आहे. नौकांचा मुक्काम हा केवळ तांत्रिक प्रश्न नसून काठावरील गावाशी असलेल्या संबंधाचाही प्रश्न आहे, हे त्या राजनीतिज्ञास उमगले होते. आजच्या पर्यटन-बोटींच्या संदर्भात हा परिच्छेद पुन्हा वाचण्याजोगा आहे.

कोकणच्या किनाऱ्यावर कॅरिबियन नियम जसेच्या तसे चालत नाहीत, याचे कारण भरती-ओहोटी. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी पाण्याची पातळी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते. दक्षिणेस मालवणकडे हा फरक दोन-अडीच मीटरांच्या घरात असतो. वरील उदाहरणातील नौका ओहोटीच्या वेळी ४ मीटर पाण्यात २५ मीटर साखळीवर नांगरली, असे समजा. भरतीने पाणी ३ मीटर चढले की बेरीज ५ वरून ८ मीटर होते आणि प्रमाण पाचावरून जेमतेम तिनावर येते. नाविकाने काहीही चूक केलेली नसते. त्याने फक्त हिशेब चुकीच्या वेळी केलेला असतो. उलट भरतीला नांगरून निजले तर ओहोटीला नौका चिखलात कलंडलेली आढळते. म्हणून साखळीचा हिशेब नेहमी भरतीच्या खोलीवर आणि जागेची निवड ओहोटीच्या खोलीवर करावयाची असते. उधाण आणि भांग यांतील भेद कोळ्याच्या मुलाला बाराखडीआधी कळतो, तो याच कारणाने.

खाडीत आणखी एक अडचण येते. भरतीचा प्रवाह आत आणि ओहोटीचा बाहेर वाहतो, त्यामुळे दर सहा तासांनी ओढीची दिशा उलटते आणि नांगर उपटून पुन्हा रुतेपर्यंत नौका वाहत जाते. यावर उपाय म्हणून प्रवाहाच्या रेषेत दोन नांगर, एक वरच्या अंगाला आणि एक खालच्या अंगाला टाकून नौका मध्ये ठेवतात. नाविकांच्या परिभाषेत ही बहामी पद्धत म्हणून ओळखली जाते. मालवणच्या परिसरात प्रश्न तळाचा आहे. सिंधुदुर्गाभोवती खडकांची रांग असून किल्ल्याकडे जाणारी वाट अरुंद आहे. किल्ल्याच्या संरक्षणाचा तो एक भागच होता. तेथील प्रवाळामुळे १९८७ मध्ये हा भाग सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. रोज तेथे येणाऱ्या पर्यटक नौकांनी नांगर न टाकता बोयाला बांधावे, हा कॅरिबियनमधून घेण्याजोगा सर्वांत सरळ धडा आहे.

नांगर सुटण्याचे परिणाम काय होतात याचे अलीकडील आणि अत्यंत दुःखद उदाहरण म्हणजे १७ मे २०२१. ‘तौक्ते’ चक्रीवादळात मुंबईच्या पश्चिमेस तेलक्षेत्रात उभे असलेले ‘पापा-३०५’ हे निवासी बार्ज नांगर तुटून वाहवत गेले आणि बुडाले. त्यावर २६१ माणसे होती. त्यांतील साठांहून अधिक दगावली.

शिवसागर : काठ सरकतो तेव्हा

आता सह्याद्री ओलांडू. कोयना धरणाचा १०५.२५ अब्ज घनफूट क्षमतेचा शिवसागर जलाशय सुमारे पन्नास किलोमीटर लांब, दोन डोंगररांगांमध्ये अडकलेला आहे. येथे भरती-ओहोटी नाही. परंतु पावसाळ्याअखेर भरलेला जलाशय वीज आणि सिंचनासाठी पाणी सोडले जात असताना जूनपर्यंत उतरत जातो, आणि अनेक वर्षी ही उतरण वीस मीटरांहूनही अधिक असते. एक संथ, वर्षभर चालणारी ओहोटीच म्हणावी. पंचवीस मीटर उतरण आठ महिन्यांत वाटली, तर दिवसाला सरासरी दहा सेंटीमीटर भरते. आठास एक अशा उताराच्या काठावर पाण्याची कड त्यामुळे रोज पाऊण-एक मीटर मागे सरकते. चार दिवस न हलविलेली लाँच पाचव्या दिवशी कोरड्यावर बसलेली आढळते. तीत पाणी साचलेले असेल किंवा तळाखाली दगड आला असेल, तर सांधे उघडतात. उलट जुलैत मुसळधार पावसात पातळी एका दिवसात मीटरभर किंवा त्याहून अधिक चढू शकते, आणि काठावर आखूड दोराने बांधलेली बोट खुंट्यासकट पाण्याखाली ओढली जाण्याचा धोका असतो.

म्हणून जलाशयावर खुंट्याला बांधण्याऐवजी खोल पाण्यात कायमचा गाळा आणि त्यावर बोया ही व्यवस्था अधिक तर्कसंगत ठरते. मात्र गाळ्याची साखळी भरलेल्या जलाशयाच्या खोलीवर बेतावी लागते. त्यामुळे उन्हाळ्यात बोटीच्या फिरण्याचे वर्तुळ खूप मोठे होते, तेव्हा दोर आवरून घ्यावा लागतो. आणखी एक गोष्ट सागरी पुस्तकांत सापडत नाही. या पाण्याखाली विस्थापित गावांची घरे, बांध आणि झाडांचे बुंधे आहेत. असल्या तळावर टाकलेला नांगर सुटत नाही, उलट कायमचा अडकतो. यासाठी नांगराच्या फाळाकडील टोकाला दुसरा बारीक दोर बांधून त्यावर लहान बोया सोडतात. मुख्य साखळी अडकली की हा दोर उलट दिशेने ओढून नांगर सोडविता येतो. तेवढ्यासाठी एक रिकामा डबा आणि वीस-तीस मीटर दोर पुरतो.

वाऱ्याचेही येथे स्वतःचे वागणे आहे. अरुंद दरीत वारा दरीच्या दिशेने वळतो. संध्याकाळनंतर उतारावरची थंड हवा पाण्याकडे घसरू लागते आणि वळिवाच्या आधी येणारा झोत काही मिनिटांत दिशा पालटतो. दुपारी डोंगराच्या आडोशाला निवांत वाटणारी जागा रात्री उघडी पडू शकते. बामणोलीच्या काठावर उभे राहून पाहिले तर कॅरिबियनचे छायाचित्र आठवावे इतके ते पाणी शांत दिसते. त्या शांततेवर विसंबून दोर आखूड ठेवणे मात्र चूक ठरेल.

पुरातील कृष्णा

समुद्रात नौकेवर मुख्य बळ वाऱ्याचे असते. पुरात ते प्रवाहाचे असते, आणि पाणी हवेच्या आठशे पटींहून अधिक घन आहे. पाच मीटर लांबीची, तीस सेंटीमीटर बुडालेली नाव सेकंदाला दोन मीटर वेगाच्या प्रवाहात टोक पुढे करून उभी असेल, तर तिच्यावर साधारण तीनशे न्यूटन बळ येईल; एक माणूस दोर धरून ठेवू शकेल एवढे. तीच नाव आडवी झाली, तर बुडालेले क्षेत्रफळ दीड चौरस मीटर होते आणि बळ तीन हजार न्यूटनांच्या घरात, म्हणजे दहापट जाते. त्याच वेळी वरच्या अंगाची कड पाण्यात दबते. त्यामुळे पहिला नियम हा की पुरात नाव नेहमी पुढच्या टोकाने, प्रवाहाच्या वरच्या अंगास बांधावी. मधल्या फळीला किंवा मागच्या टोकाला कदापि नाही. वाहून येणारी जलपर्णी आणि झाडाच्या फांद्या दोरावर साठतात व हे क्षेत्रफळ पाहता पाहता वाढवितात, म्हणून दोराकडे कोणीतरी सतत लक्ष देणे आवश्यक आहे.

दुसरा नियम पातळीचा. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही कृष्णेची धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. कऱ्हाडला कोयना मिळाल्यानंतरची ही नदी आहे. वरच्या धरणांतून विसर्ग सुरू झाला की रात्रीतून काही फूट चढते. घाटाच्या पायरीवरील कड्याला सहा फूट दोराने बांधलेली नाव पाणी कड्याच्या वर सहा फूट आल्यावर नाकाने खाली ओढली जाते, पाणी भरते आणि ती बुडते. पहाटे नाव जागेवर नसली की ‘वाहून गेली’ म्हणतात. पुष्कळदा ती जागेवरच, पाण्याखाली असते. ज्या पहाटे ती गावाला सर्वाधिक हवी असते, नेमकी तीच ही पहाट.

उपाय साधे आहेत. उभ्या खांबावर सैल कडी घालून तिला नाव बांधली, तर कडी पाण्याबरोबर वर चढते. खांब नसेल तर उंचावरील झाडाच्या फांदीला मोठी कप्पी लावून तीतून दोर घ्यावा आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला वाळूचे पोते लटकवावे. पाणी चढले की पोते उतरते, पाणी उतरले की पोते वर जाते, आणि दोर कायम ताठ राहतो. यांपैकी काहीच शक्य नसेल, तर चढाव धरून मोजलेला लांब दोर आणि राखणीला एक माणूस एवढे तरी हवेच. गाठ अशी असावी की ताण आल्यावर ती घट्ट होऊन बसू नये आणि ओल्या हाताने सुटावी. नावेत दोर कापण्यासाठी कोयता किंवा विळा ठेवावा. घेरियाच्या आगीत जे शक्य झाले नाही, ते येथे शक्य असावे.

पुलाच्या खांबाच्या वरच्या अंगाला नाव कधीही बांधू नये, कारण दोर सुटल्यास प्रवाह तिला आडवी करून खांबावर गुंडाळतो. घर, देऊळ किंवा शाळेची इमारत असेल तर तिच्या खालच्या अंगास, जेथे पाणी उलट फिरते, तेथे नाव राहते. बुडालेल्या गल्लीत नांगर टाकण्याचा मोह आवरावा. खाली कुंपणाच्या तारा, विजेच्या वायरी आणि चारचाकी गाड्या असतात, आणि अडकलेल्या नांगरावर चढत्या पाण्यातील नाव म्हणजे आखूड दोराने बांधलेलीच नाव होय.

जुन्या नावाड्यांना हे सारे ज्ञात होते. पूर्वी पुरात गूळ आटविण्याच्या काहिलीतूनही माणसे पैलतीरी नेली जात, आणि त्या गोल भांड्याला पुढचे टोक नसल्याने ते बांधण्यापेक्षा काठावर ओढून पालथे घालणेच श्रेयस्कर, हे त्या माणसांना कोणी शिकवावे लागले नाही. पूल झाले, नावाडी घटले आणि ते ज्ञान हाताबाहेर गेले. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बचावकार्यातील नाव उलटून अनेकांना प्राण गमवावे लागले. नावेत किती माणसे घ्यावीत, हा त्यातून उभा राहिलेला प्रश्न या लेखाच्या कक्षेबाहेरचा आणि स्वतंत्र विवेचनास पात्र आहे. परंतु त्यानंतर गावोगावी आलेल्या फायबरच्या व रबरी नावांबरोबर किती मीटर दोर, किती बोये आणि कोणते वजन आले, हे कोणत्याही महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकास एका दिवसाच्या पाहणीत मोजता येईल. मेच्या अखेरीस, नदी पायाखाली असताना, घाटावरील प्रत्येक कड्याची पुराच्या मोजपट्टीवरील उंची रंगाने लिहून ठेवणे आणि गावच्या नावेचा दोर त्या उंचीवरून मोजून कापणे, हे काम भूगोल व भौतिकशास्त्र विभागांनी मिळून करण्याजोगे आहे. जूनमध्ये पाणी चढू लागल्यावर ते करता येत नाही.